सातारा-सांगलीकडील वातव्याधि आणि त्यांचे उपचार

मनुष्यास जडणाऱ्या दुखण्यांपैकीं कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, तीं पाहणाऱ्यास दिसत नाहींत. ताप आला तर अंग पोळतें, गळूं झालें तर तें डोळ्यांस दिसतें. परंतु मान आखडली, कमरेंत उसण भरली, मांडीपासून घोट्यापर्यंत शीर ओढल्यासारखी कळ निघाली किंवा गुडघे धरले, तर तें ज्याचें त्यासच कळतें. अशा सर्व व्यथांना कृष्णाकांठच्या घरांतून पिढ्यानुपिढ्या एकच नांव चालत आलें. तें म्हणजे 'वात'. म्हातारीचे गुडघे दुखले तरी वात, हमालाची मान धरली तरी वात, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या पाठींत कळा येऊं लागल्या तरी वातच. ह्या एका शब्दानें मनाचें समाधान होई, पण रोगाची ओळख होत नसे. ह्या शब्दाच्या पोटांत दडलेले निरनिराळे रोग एकमेकांपासून वेगळे कसे काढले गेले, आणि ते वेळेवर वेगळे न काढल्यामुळें माणसांस काय भोगावें लागलें, हा इतिहास सातारा-सांगलीच्या भूमींत विशेष ठळकपणें दिसून येतो.

आज हे दोन जिल्हे निराळे असले, तरी त्यांचा बराच भाग पूर्वीं एका जिल्ह्यांत होता. १९४८ सालीं सांगली, मिरज, औंध, जत हीं संस्थानें विलीन झालीं. १९४९ सालीं जुन्या जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन विभाग झाले. आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली जिल्हा हें नांव मिळालें. पश्चिमेस महाबळेश्वर, जावळी आणि पाटण हा धुवांधार पावसाचा डोंगराळ मुलूख, तर पूर्वेस माण, खटाव, आटपाडी आणि जत हा अवर्षणाचा माळ. पश्चिमेकडील शेतकरीण भरपावसांत दिवसभर कमरेंतून वांकून भाताची लावणी करी. पूर्वेकडील स्त्री कोसभर अंतरावरून डोक्यावर घागरी वाहून आणी. पेठांतून गुळाच्या ढेपा, हळदीचीं पोतीं आणि धान्याचीं ओझीं माणसांच्याच पाठीवरून चढत आणि उतरत. गांवोगांवीं तालमी होत्या आणि मानेवर जोर घेणारे मल्ल होते. सांध्यांचीं, मानेचीं आणि शिरांचीं दुखणीं येथें विपुल असावीं, ह्यांत नवल नाहीं.

ह्या दुखण्यांचा पहिला पद्धतशीर विचार आयुर्वेदानें केला. चरकसंहितेंत वाताचे ८० विकार मोजलेले आहेत. व्यवहारांत एका शब्दाखालीं एकत्र झालेल्या व्यथा शास्त्रकारांनीं किती बारकाईनें वेगळ्या केल्या होत्या, हें त्यांच्या नांवांवरूनच ध्यानांत येतें. कमरेपासून पायाच्या मागच्या बाजूनें खालीं उतरणाऱ्या व्यथेस त्यांनीं 'गृध्रसी' म्हटलें. कारण असा रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो. मान ताठ होऊन वळेनाशी झाली, तर तो 'मन्यास्तंभ'. दिवसा झोपणें, वेडेंवांकडें बसणें-निजणें, मान वर करून सतत पाहणें, अशीं त्याचीं कारणें ग्रंथांत दिलीं आहेत; तीं आजच्याहि वैद्यास मान्य होतील. खांदा जखडून हात वर उचलेनासा झाला, तर 'अवबाहुक'. गुडघा सुजून कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसूं लागला, तर 'क्रोष्टुकशीर्ष'. आणि हातापायांच्या सांध्यांपासून सुरू होऊन अंगभर पसरणाऱ्या 'वातरक्ता'स त्यांनीं 'आढ्यवात', म्हणजे सुखवस्तु माणसाचा वात, असेंहि नांव दिलें होतें. युरोपांतहि अशाच एका रोगास श्रीमंतांचा रोग म्हणत. तो रक्तांतील यूरिक आम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यांत सांचल्यानें होतो, हें पुढें रसायनशास्त्रानें दाखविलें.

ह्याच परंपरेंत माधवकराचा 'माधवनिदान' हा ग्रंथ इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास झाला. त्यानें 'आमवात' ह्या रोगास स्वतंत्र प्रकरण दिलें. अंगांत बारीक ताप, अन्नावर वासना नाहीं, सांधे सुजलेले आणि विंचू चावल्यासारखी वेदना, असें त्याचें वर्णन आहे. म्हातारपणीं झिजलेल्या गुडघ्याचें दुखणें आणि सर्व शरीर आजारी पाडून सांधे सुजविणारें दुखणें हीं दोन्ही एक नव्हेत, हा भेद येथें स्पष्ट झाला. आजच्या वैद्यकशास्त्राचा ह्या विषयांतील पहिला प्रश्नहि हाच असतो : सांधा नुसता झिजला आहे, कीं त्याला सूज आली आहे ?

परंतु ग्रंथांतील हा विवेक गांवांतील प्रत्येक ओसरीपर्यंत पोंचला नाहीं. तेथें राज्य होतें तें घरगुती उपचारांचें. निरगुडीचा पाला वाफवून बांधणें, रुईच्या पानास तेल लावून तें शेकून ठेवणें, तापविलेल्या विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक देणें, सुंठीच्या काढ्यांत एरंडेल घेणें, हे उपाय बहुतेक घरीं ठाऊक होते. सांगलीची तर हळदीची पेठच. कृष्णा आणि वारणा ह्यांच्या संगमावरील हरिपूर येथें जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद सांठवीत. त्या कोरड्या मातींत ती वर्षानुवर्षें टिके. २००५ सालच्या महापुरांत ह्या पेवांची मोठी हानि झाली. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मुरगळलेल्या पायावर हळद आणि मीठ ह्यांचा गरम लेप घालणें हा ह्या मुलखांत अगदीं हाताशीं असलेला उपाय होता.

ह्या उपचारांची किंमत न्यायानें करावयास हवी. शेक दिल्यानें आखडलेले स्नायु सैल पडतात आणि रक्ताभिसरण वाढतें, ही गोष्ट खरी आहे. हळदींतील पिवळ्या द्रव्यांत सूज कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेंत आढळला आहे. मात्र पोटांत घेतलेल्या हळदींतून तें फारच थोडें रक्तांत उतरतें, हेंहि तितकेंच खरें. म्हणून लचक, उसण, थंडीनें धरलेला सांधा ह्यांस घरगुती उपाय पुरेसे होत. किंबहुना असलीं बहुतेक दुखणीं कांहीं आठवड्यांत आपोआपहि बरीं होतात. परंतु शेकानें गुण आला नाहीं, म्हणजे उपाय उग्र होत जात. तुंबडी लावून रक्त काढीत, जळवा लावीत, बिब्बा घालून कातडी भाजून काढीत, आणि शेवटीं तापलेल्या लोखंडाचा डाग देत. सुश्रुतानें अग्निकर्म सांगितलें आहे, पण तें कोठें आणि केव्हां करावें ह्याच्या मर्यादा घालून. गांवांतील डागणारा ह्या मर्यादा जाणत नसे. कित्येकांच्या पाठीवर आणि गुडघ्यांवर डागांच्या ओळी जन्मभर राहिल्या. मूळ रोग मात्र आंत जसाच्या तसा वाढत राहिला.

वैद्य आणि डागणारा ह्यांच्याखेरीज आणखी एक मनुष्य ह्या मुलखांत लोकांस मोठा आधार वाटे. तो म्हणजे हाडवैद्य. तालमींतील वस्तादहि पुष्कळदां हें काम करी. निखळलेला खांदा हिसका देऊन बसविणें, मोडलेल्या हातास बांबूच्या कामट्या बांधणें, लचकलेल्या घोट्यास तेल लावून चोळणें, ह्यांत त्यांच्या बोटांस पिढ्यांचें वळण असे. सुशिक्षितांनीं ह्या विद्येची केवळ थट्टा करणें योग्य नाहीं. इंग्लंडांतहि असे हाडवैद्य होते. वेल्सकडील अँगलसी बेटावरील अशाच एका घराण्यांत ह्यू ओवेन टॉमस (१८३४-१८९१) हा जन्मला. तो रीतसर डॉक्टर झाला आणि दुखऱ्या सांध्यास दीर्घकाळ संपूर्ण विश्रांति द्यावी, हें तत्त्व त्यानें आग्रहानें मांडलें. त्याच्या नांवाचा लोखंडी सांगाडा त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स ह्यानें पहिल्या महायुद्धांत वापरांत आणला आणि मांडीचें हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वांचले. तेथें वडिलोपार्जित कसब आणि शास्त्र ह्यांचा एका घरांत संगम झाला. आपल्याकडे तो झाला नाहीं. म्हणून आवळून बांधलेल्या पट्टीखालीं हात काळा पडल्याचीं उदाहरणें घडत राहिलीं, आणि जो सांधा चोळावयाचा नव्हे तोहि चोळला जाऊं लागला.

जो सांधा चोळावयाचा नव्हे तो कोणता, ह्याचें उत्तर ह्या भागास प्रामुख्यानें मिरजेनें दिलें. विल्यम जेम्स वॉन्लेस हा १८६५ सालीं कॅनडांत जन्मलेला तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ सालीं हिंदुस्थानांत आला. आरंभीं त्यानें सांगलीस काम केलें. पुढें मिरजेच्या संस्थानिकांकडून जागा मिळाली आणि १८९४ सालीं मिरजेचें रुग्णालय सुरू झालें. १८९७ सालीं तेथें हिंदी तरुणांसाठीं वैद्यकीय शाळा निघाली. मिरज हें रेल्वेचें जंक्शन. त्यामुळें कऱ्हाड, कोल्हापूर, बेळगांव, पंढरपूर अशा दूरदूरच्या गांवांहून रोगी तेथें येऊं लागले. वॉन्लेस ह्यांची कीर्ति झाली ती मुख्यतः मोतीबिंदूच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांमुळें. १९२८ सालीं त्यांस 'सर' हा किताब मिळाला आणि १९३३ सालीं अमेरिकेंत त्यांचें निधन झालें. सांगली आणि मिरज ह्यांच्या मध्यें क्षयरोग्यांसाठीं जें आरोग्यधाम झालें, त्याच्या परिसरास वानलेसवाडी हें नांव पडलें. धर्मप्रसार हा मिशनचा हेतु होता आणि त्याविषयीं मतभेद असणें साहजिक होतें. परंतु रोग्याची सेवा आणि निदानाची शिस्त ह्या दोन गोष्टी त्या रुग्णालयानें ह्या मुलखास दिल्या, हें मान्य करावें लागतें.

क्षयरोग्यांसाठीं उभ्या राहिलेल्या आरोग्यधामाचा पाठीच्या दुखण्याशीं काय संबंध, असें एखाद्यास वाटेल. परंतु येथेंच ह्या इतिहासाचें मर्म आहे. क्षय म्हटला कीं लोकांस खोकला आणि छाती आठवते. पण तोच जंतु रक्तांतून हाडांत उतरतो आणि विशेषतः पाठीच्या मणक्यांत घर करतो. मणक्याचा पुढचा भाग हळूहळू पोखरला जातो, तो ढांसळतो, आणि पाठीस टोंकदार कुबड येतें. आंतील पू मज्जारज्जूवर दाबला गेला तर दोन्ही पाय लुळे पडतात. पर्सिव्हल पॉट ह्या इंग्रज शस्त्रवैद्यानें १७७९ सालीं ह्या कुबडाचें आणि त्याबरोबर येणाऱ्या पक्षाघाताचें वर्णन केलें. त्याचें कारण असलेला क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख ह्यानें १८८२ सालीं दाखविला, आणि राँटगेन ह्यानें १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लावल्यावर पोखरलेला मणका कातडी न कापतांहि दिसूं लागला.

माणदेशांतील एखाद्या कुटुंबावर हा रोग कसा येई, ह्याचें चित्र डोळ्यांपुढें आणणें अवघड नाहीं. मुलगा खेळावयाचें सोडतो. पाठ दुखते म्हणतो. संध्याकाळीं बारीक ताप येतो. खालीं पडलेली वस्तु उचलावयाची झाली, तर तो कमरेंतून वांकत नाहीं. पाठ ताठ ठेवून गुडघे मोडतो आणि मग ती उचलतो. हें चिन्ह ज्यास ठाऊक आहे, तो एका दृष्टिक्षेपांत सावध होतो. ज्यास ठाऊक नाहीं, तो म्हणतो, 'वात भरला आहे, चोळा.' चोळून गुण येत नाहीं, म्हणून डाग दिला जातो. असे महिने जातात. आणि एके सकाळीं मुलगा पाय हलेना म्हणून रडूं लागतो. असे रोगी बैलगाडींतून आणि आगगाडींतून रुग्णालयांपर्यंत पोंचत तेव्हां बहुधा उशीर झालेला असे.

उशीर झाला नसला, तरी त्या काळीं उपाय थोडे होते. प्लास्टरच्या सांच्यांत महिनेच्या महिने, कधीं वर्षें, निजवून ठेवणें, दूध-अंडीं देणें, उन्हांत आणि स्वच्छ हवेंत ठेवणें एवढेंच डॉक्टरांच्या हातीं होतें. स्वित्झर्लंडांत लेझँ येथें रोलिए ह्यानें १९०३ पासून हाच सूर्योपचार चालविला होता. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, १९५२ सालीं आयसोनियाझिड उपयोगांत आलें, आणि नंतर रिफँपिसिन आलें. त्यानंतर मणक्याचा क्षय बहुतेक रोग्यांत गोळ्यांनीं बरा होऊं लागला; शस्त्रक्रियेची जरूरी थोड्यांनाच राहिली. आज जें मूल वेळेवर ओळखलें जातें, तें चालत शाळेंत परत जातें. फरक आहे तो ओळखण्याच्या वेळेचा.

'शीर दुखणें' ह्या तक्रारीच्या आड लपणारा दुसरा रोग म्हणजे कुष्ठरोग, ज्यास पूर्वीं महारोग म्हणत. मिरजेस ह्या रोग्यांसाठींहि स्वतंत्र रुग्णालय होतें. लोकांस हा रोग कातडीचा वाटे. वस्तुतः तो मज्जातंतूंचा आहे. नॉर्वेंतील हॅन्सन ह्यानें १८७३ सालीं त्याचा जंतु पाहिला. कोपराच्या आंतील बाजूस जी शीर असते, ती ह्या रोगांत दोरीसारखी जाड होते. कधीं ती सुजून तीव्र वेदना देते. पुढें करंगळी आणि तिच्या शेजारचें बोट बधिर होऊन वांकतें. हाताची ही कळ 'वात' समजून चोळीत बसल्यास शीर मरते आणि वांकलेलीं बोटें परत सरळ होत नाहींत. पूर्वीं चौलमोगऱ्याच्या तेलावर भिस्त होती. १९४० नंतर सल्फोन औषधें आलीं. आणि १९८१ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धत सांगितली. आज हा रोग निश्चितपणें बरा होतो. सुजलेल्या शिरेवर वेळीच औषध दिलें, तर हातहि वांचतो. ज्या कळेस बधिरपणाची सोबत आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करूं नये, हा धडा ह्या रोगानें घालून दिला.

जंतूंचीं हीं दुखणीं वगळल्यावरहि गृध्रसी उरतेच. नेपल्सच्या कोतुन्यो ह्यानें १७६४ सालीं ही कळ कमरेच्या सांध्याची नसून मांडीमागील मोठ्या मज्जातंतूची आहे, असें दाखविलें. पण त्या तंतूस काय होतें, हें कळावयास १९३४ साल उजाडावें लागलें. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार ह्यांनीं दाखविलें कीं, दोन मणक्यांमधील मऊ गादी फुटून मागें सरकते आणि तंतूच्या मुळावर दाब देते. मानेंतहि हेंच घडतें. मग कळ खांद्यांतून बोटांपर्यंत उतरते आणि हाताला मुंग्या येतात. बहुतेक रोगी थोडी विश्रांति, मग हळूहळू हालचाल आणि व्यायाम ह्यांनीं बरे होतात. अंथरुणावर दीर्घकाळ पडून राहण्याचा जुना सल्ला आतां कोणी देत नाहीं; त्यानें स्नायु दुबळे होतात आणि दुखणें लांबतें.

व्यायामाचा विषय निघाला म्हणजे औंधाचें नांव घ्यावेंच लागतें. औंधचे अधिपति भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) ह्यांनीं तरुणपणीं कांहीं वर्षें सँडोच्या साधनांनीं व्यायाम केला. पुढें १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून, ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि जन्मभर त्याचे प्रचारक झाले. संस्थानांतील शाळांतून त्यांनीं नमस्कार सक्तीचे केले. १९२८ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक निघालें, आणि १९३८ सालीं लुइझ मॉर्गन ह्या बाईंनीं संपादिलेली त्याची आवृत्ति लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. औंधासच राहून पंडित सातवळेकर ह्यांनीं आसनें आणि नमस्कार ह्यांवर मराठी-हिंदींत लिहिलें. नमस्कारांत मान, कणा, खांदे, नितंब, गुडघे, घोटे ह्या साऱ्यांची आळीपाळीनें पुढेंमागें हालचाल होते. त्यास साधन लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. बैठें काम करणाऱ्या शहरी माणसाच्या आखडलेल्या मानेस आणि पाठीस ह्याहून सोपा प्रतिबंधक उपाय क्वचितच असेल.

तथापि प्रचारकाच्या उत्साहांत कोणताहि उपाय सर्वरोगहारी होऊन बसतो, आणि नमस्कारांचेंहि तसें झालें. ज्याच्या मणक्यांतील गादी नुकतीच सरकली आहे, ज्याचा मणका क्षयानें पोखरला आहे, किंवा ज्याचे गुडघे सुजून लाल झाले आहेत, त्यानें नमस्कार घातले तर अपायच व्हावयाचा. निरोगी शरीर निरोगी राखणें हें व्यायामाचें काम; रोग कोणता हें ठरविणें हें निदानाचें काम. ह्या दोहोंची गल्लत झाली, म्हणजे चांगला उपायहि बदनाम होतो.

दोन्ही शास्त्रांचा मेळ घालण्याचा एक प्रयत्न साताऱ्यासहि झाला. १९१६ सालीं तेथें स्थापन झालेल्या वैद्यक महाविद्यालयाचें 'आर्यांग्ल' हें नांवच त्याचा हेतु सांगतें : आर्य वैद्यक आणि आंग्ल वैद्यक हीं दोन्ही एकाच छपराखालीं शिकवावीं. पुढें १९६२ सालीं मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. अशा संस्थांमुळें गृध्रसी आणि मन्यास्तंभ ओळखणारा वैद्य आणि क्ष-किरणांचें चित्र वाचणारा डॉक्टर हे एकाच जिल्ह्यांत लोकांच्या आवांक्यांत आले.

परंतु ह्या मुलखांतील मानेच्या दुखण्याचा एक मोठा अध्याय ना वैद्यानें लिहिला, ना डॉक्टरानें. तो लिहिला कायद्यानें. सातारा आणि सांगलीकडील डोंगराळ व कोरडवाहू भागांतून हजारों तरुण पोटासाठीं मुंबईस गेले, आणि तेथील गोद्यांत व बाजारांत डोक्यावर ओझें वाहणारे 'माथाडी' झाले. शंभर किलोचें पोतें पाठीवर आणि मानेवर तोलून दिवसांतून कितीतरी खेपा करावयाच्या, हा त्यांचा धर्म. मनुष्याच्या मानेंत सात मणके असतात. त्यांची रचना पांचएक किलो वजनाचें डोकें तोलण्यासाठीं आहे, पोतें तोलण्यासाठीं नव्हे. भार पडला, कीं मणक्यांमधील गाद्या अकालीं झिजतात, कडांना हाडांचीं टोंकें फुटतात आणि तीं मज्जातंतूंना टोंचतात. डोक्यावर ओझें वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके इतरांपेक्षां लवकर झिजतात, असें परदेशांतील पाहण्यांतहि आढळलें आहे. अशा हमालास चाळिशींतच हातांत मुंग्या येऊं लागत. तेल चोळावें, शेक द्यावा, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा पोतें उचलावें, एवढाच त्याचा उपचार. कारण काम बंद तर मजुरी बंद.

पाटण तालुक्यांतूनच आलेले अण्णासाहेब पाटील (१९३३-१९८२) ह्यांनीं ह्या माथाड्यांस संघटित केलें. १९६९ सालीं महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्यामुळें ह्या कामगारांची नोंदणी होऊं लागली, मंडळें स्थापन झालीं, मजुरीची हमी आली, आणि भविष्यनिर्वाह निधि व वैद्यकीय साह्य ह्यांचा मार्ग मोकळा झाला. त्याच सुमारास, १९६७ सालीं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें प्रौढ पुरुषानें हातीं उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. पुढें आपल्याकडेहि पुष्कळ मालाचीं पोतीं पन्नास किलोचीं झालीं. शंभर किलोंचे पन्नास झाले, ह्यानें जितक्या माना वांचल्या असतील, तितक्या कोणत्याहि तेलानें वांचल्या नसतील. रोगाचें कारण शरीराबाहेर असेल, तर उपचारहि शरीराबाहेर शोधावा लागतो.

औषधांचा इतिहास ह्या काळांत वेगानें पुढें गेला. १८९७ सालीं हॉफमन ह्या जर्मन रसायनज्ञानें तयार केलेली अॅस्पिरिन दोन वर्षांनीं बाजारांत आली आणि घरोघरीं पोंचली. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो रुग्णालयांत हेंच ह्यानें आमवातानें जखडलेल्या एका रोगिणीस कॉर्टिझोन दिलें. ती थोड्याच दिवसांत चालूं लागली, आणि १९५० सालीं हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हें औषध दुधारी आहे. फार दिवस घेतल्यास तें हाडें ठिसूळ करतें, रक्तांतील साखर वाढवितें आणि दबलेला क्षय जागा करतें. सांधेदुखीवरील कांहीं निनांवी पुड्यांत हेंच द्रव्य गुपचुप मिसळलेलें आढळलें आहे. एका दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या पुडीचा म्हणूनच संशय घ्यावा. आमवातावर आज मेथोट्रेक्झेटसारखीं औषधें आहेत. तीं सावकाश काम करतात, पण लवकर सुरू केल्यास सांधे वांकडे होऊं देत नाहींत. आणि गुडघा किंवा खुबा अगदींच निकामी झाला, तर १९६२ सालीं इंग्लंडांत जॉन चार्नले ह्यानें यशस्वी केलेल्या कृत्रिम सांध्याची परंपरा मदतीस येते.

रोगहि नवे येतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें १९७३ सालीं चिकुनगुन्याची सांथ आली, आणि २००६ सालीं ती महाराष्ट्रांत सर्वत्र पसरली. ह्या आफ्रिकी शब्दाचा अर्थच 'वांकून जाणें' असा आहे. ताप आठवड्यांत उतरे, सांधे मात्र महिनेच्या महिने धरलेले राहत. गांवोगांवीं लोक पुन्हा म्हणूं लागले, वात आला. ह्या वेळीं मूळ होतें डासांत, आणि खरा उपाय होता सांठलेलें पाणी काढून टाकण्यांत.

ह्या सर्व इतिहासाचें सार थोडक्यांत सांगतां येतें. बहुतेक मान, पाठ आणि गुडघेदुखी साधी असते. शेक, योग्य हालचाल, वजनावर ताबा आणि बसण्या-उठण्याची शिस्त ह्यांनीं ती आटोक्यांत राहते. परंतु दुखण्याबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, रात्रीच्या विश्रांतींतहि कळ थांबत नसेल, हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल, लघवी-शौचावरील ताबा जात असेल, सकाळीं तासभर सांधे उघडत नसतील, किंवा लहान मूल पाठ ताठ धरून चालत असेल, तर तेथें घरगुती उपचारांची हद्द संपते. विशेषतः मुलाच्या सांध्यांचें दुखणें हलकें मानूं नये. घसा दुखून गेल्यावर एका सांध्यांतून दुसऱ्यांत फिरणारी सूज हृदयाच्या झडपांस कायमची इजा करूं शकते, आणि ती पेनिसिलीननें टाळतां येते.

पूर्वजांनीं वाताचे ८० विकार मोजले, ते एका शब्दांत पुन्हा गुंडाळून ठेवण्यासाठीं नव्हे. कोणतें दुखणें कोणाचें, हें निवडून काढण्याची शिकवण त्यांत होती. ती विसरली गेली तेव्हां मुलांच्या पाठी वांकल्या. ती पुन्हा आठवली तेव्हां त्याच मुलखांतील मुलें सरळ उभीं राहिलीं. म्हातारीनें 'वात आहे' म्हटलें, तर तिच्या गुडघ्यास प्रेमानें शेक द्यावा. पण तेवढ्यावर न थांबतां, 'कोणता वात?' हा प्रश्न घरांतील जाणत्या माणसानें एकदां तरी अवश्य विचारावा.